जुन्या टार्गेट रायफलची साइट नक्की कुठली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे काका गेल्यावर त्यांच्या सदाशिव पेठेतल्या खोलीत पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा सापडला, आत फडक्यात गुंडाळलेल्या तीन पीप साइट (रायफलवर मागे बसवायची, नेम धरायची साधनं), एक टनेल फोरसाइट म्हणजे पुढची साइट, आणि एक वही. रायफल नव्हती, ती त्यांनी कधीच परत केली होती. त्या तीन साइट कुठल्या आणि कुणी बनवल्या हे शोधताना मी बरंच शिकलो, काही नुकसान करूनही शिकलो. आता ओळखीत कुणाच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात असं काही निघालं की फोटो माझ्याकडे येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

टार्गेट साइट म्हणजे नेमकं काय? साध्या साइटपेक्षा वेगळी कशी ओळखायची?

साध्या रायफलवर मागे खाच आणि पुढे माशी असते, एनसीसीत पॉइंट टू टू म्हणजे .२२ बोअरची रायफल चालवली असेल त्यांना आठवेल. टार्गेट साइटमध्ये मागे खाचेऐवजी बारीक भोक असतं, तेच पीप किंवा अ‍ॅपर्चर, आणि ते वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायला स्क्रूचे नॉब असतात, प्रत्येक खटक्याला ठरलेलं अंतर सरकतं. पुढे बहुतेक टनेल म्हणजे छोटी नळी असते, तिच्यात रिंग किंवा ब्लेडच्या चकत्या बदलता येतात. पट्टीवर बारीक रेघा दिसल्या, नॉब फिरवल्यावर क्लिक आली आणि डोळ्याकडच्या बाजूला गोल चकती असली, तर नव्वद टक्के वेळा ती टार्गेटचीच.

साइट हातात आली. पहिलं काय करू?

काहीच करू नका. खरंच सांगतो, पहिले दोन दिवस फक्त फोटो काढा. ब्रासो नाही, पॉलिश पेपर नाही, रॉकेलमध्ये बुडवणं नाही.

मी डब्यातली सगळ्यात गंजलेली साइट एका प्लेटिंगवाल्याकडे दिली, म्हटलं जरा चमकवून द्या, आणि त्याने बफवर धरून आरशासारखी करून दिली. बेसच्या कडेला जी उथळ अक्षरं होती ती त्यात गेली. आधी फोटो काढला नव्हता. "... & Co" एवढंच मला अंधुक आठवतं आणि त्या साइटचं नाव मला आता कधीच कळणार नाही. म्हणून हा मुद्दा मी सगळ्यांना दोनदा सांगतो. गंज, जुनं ब्लूइंग म्हणजे धातूवरचा निळसर-काळा थर, स्क्रूच्या खाचेतली माती, पट्टीवरची पेन्सिलची रेघ, हे सगळं पुरावा आहे. ब्लूइंग कुठे उडालंय त्यावरूनसुद्धा कळतं की साइट कुठल्या बाजूने बसत होती आणि हात कुठे लागत होता.

अक्षरं पुसट आहेत, वाचायची कशी?

खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च एकदम आडवा, जवळजवळ धातूला टेकवून धरा, सावलीत अक्षरं उठून येतात. टॉर्च चारी दिशांनी फिरवून चार फोटो काढा कारण एका दिशेने एम दिसतो आणि दुसऱ्या दिशेने तोच डब्ल्यू वाटतो. तरी नाही दिसलं तर शाळेचा पांढरा खडू हलक्या हाताने घासून वरचा थर बोटाने पुसा, खाचेत पावडर राहते. घड्याळजी डोळ्याला लावतात तो लूप घ्या, फार महाग नाही. आणि साइट जिथून उघडते तिथे आतल्या बाजूला बघा, बऱ्याचदा साइटच्या हलत्या दांडीच्या आणि बेसच्या आत एकच छोटा नंबर असतो. तो सिरीयल नंबर समजून लोक शोधत बसतात पण तो बहुतेक जोडणीचा नंबर असतो, म्हणजे कारखान्यात हे दोन भाग एकमेकांना बसवले होते एवढंच. दोन्हीकडे वेगळे नंबर असले तर मात्र समजा दोन साइटची मिळून एक केलीय.

"पार्कर" लिहिलंय. म्हणजे पार्कर-हेल ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर दिलं जातं तेही इथेच. बर्मिंगहॅममध्ये दोन वेगवेगळे पार्कर होते. एक ए. जी. पार्कर, म्हणजे आल्फ्रेड ग्रे पार्कर, त्यांच्या कंपनीत पुढे आर्थर हेल आले आणि १९३० च्या दशकात कंपनीचं नाव पार्कर-हेल झालं. दुसरे ए. जे. पार्कर, त्यांची कंपनी वेगळी, साइट वेगळ्या, आणि दोघांची स्पर्धा होती. त्यामुळे आधीचं अक्षर जी आहे का जे, हे लूप लावून बघायचं, नुसतं पार्कर वाचून थांबायचं नाही.

यातून तारीखही निघते. "ए. जी. पार्कर अँड कंपनी" असेल तर साइट नाव बदलायच्या आधीची, "पार्कर-हेल" असेल तर नंतरची. पार्कर-हेलचा पत्ता बराच काळ व्हिटॉल स्ट्रीट होता, त्यालाच ते बिझली वर्क्स म्हणायचे, पुढे गोल्डन हिलॉक रोड झाला, तेव्हा डबा किंवा कागद सोबत असेल तर तो पत्ता जपून ठेवा. मॉडेलला पीएच आणि आकडा असतो: पीएच ५ए ही एसएमएलई म्हणजे आपल्या ओळखीच्या जुन्या थ्री नॉट थ्री साठी, पीएच ५सी त्यानंतरच्या नंबर ४ ली-एनफील्ड रायफलसाठी. "ट्विन झिरो" किंवा टीझेड दिसलं तर ते ए. जे. पार्करचं, टीझेड ४/४७ ही त्यांची नंबर ४ साठीची साइट. काकांची दुसरी साइट मी चार महिने पार्कर-हेलच्या कॅटलॉगमध्ये शोधत होतो, ती ए. जे. ची निघाली.

तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र आहे. हे काय?

बीएसए, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ ची कंपनी, मोटरसायकलवाली तीच. मार्टिनी अ‍ॅक्शनच्या त्यांच्या पॉइंट टू टू रायफली, मॉडेल १२ आणि १२/१५, भारतातसुद्धा आल्या आणि त्यांच्यावर बीएसएच्या स्वतःच्या किंवा पार्करच्या साइट बसवलेल्या सापडतात.

पेटंट नंबर आहे, त्यावरून साल निघतं का?

निघतं, पण ते साल म्हणजे साइट बनवल्याचं साल नाही. पेटंट म्हणजे त्याच्या आधी ही वस्तू असू शकत नाही अशी खालची रेघ, साइट त्यानंतर वीस वर्षांनीसुद्धा त्याच नंबरने बनत असेल.

ब्रिटिश पेटंटांची एक गंमत लक्षात ठेवा. १९१५ पर्यंत दर वर्षी नंबर एकपासून सुरू व्हायचा, त्यामुळे त्या काळच्या नंबरला सालाची जोड लागते, नुसता १२३४५ काही कामाचा नाही. १९१६ पासून सलग नंबर आले आणि ते १००००१ पासून सुरू झाले, म्हणून सहा आकडी ब्रिटिश पेटंट नंबर दिसला की १९१६ किंवा नंतरचं हे लगेच कळतं. अमेरिकेचे नंबर १८३६ पासून सलग आहेत, दहा लाखावा १९११ मध्ये आला. "रजिस्टर्ड डिझाइन" वेगळी गोष्ट, ते आकाराचं रजिस्ट्रेशन, त्याची वेगळी नंबरमालिका १८८४ पासून, ती पेटंटमध्ये शोधू नका, तिथे त्या नंबरला भलतंच काहीतरी निघेल, कुणाचं शिलाई मशीन नाहीतर कुणाचा बूट. आणि "पेटंट अप्लाइड फॉर" लिहिलेलं असेल तर खुश व्हा, कारण तो काळ सहसा छोटा असतो.

जुनी पेटंटं एस्पासनेट आणि गुगल पेटंट्सवर फुकट आहेत. चित्र उघडून आपल्या साइटशी स्क्रू-स्क्रू जुळवायचं, नुसत्या नावावर विश्वास नको.

काहीच लिहिलेलं नाही. मग सोडून द्यायचं का?

अजिबात नाही, मला तर अशाच साइट जास्त आवडतात, कारण मग धातू स्वतः बोलतो. बोहरी आळीतून एक व्हर्नियर कॅलिपर आणि आटे मोजायचं एक थ्रेड गेज आणा, बास.

आधी स्क्रू. ब्रिटिश बारीक कामात बीए नावाचे आटे वापरायचे, त्यांचा कोन ४७.५ अंश, जाड ब्रिटिश स्क्रू व्हिटवर्थचे म्हणजे ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिक दोन्ही ६० अंश. ४ बीएचा स्क्रू ३.६ मिलिमीटर जाड आणि पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.६६, तर आपला एम ४ चार मिलिमीटर जाड आणि पिच ०.७, हे दोन हातात सारखे वाटतात आणि कुणीतरी आधी जोर लावून एम ४ बसवलेला असतो, म्हणून भोकातले आटे बघा, स्क्रू नंतर. इंचात ४८ आटे निघाले तर अमेरिकन असायची शक्यता खूप, तिकडे साइटला ६-४८ हा स्क्रू ठरलेलाच.

मग डोवटेल, म्हणजे साइट सरकवून बसवायची तिरप्या कडांची रेल. रेल ११ मिलिमीटरची असेल तर युरोपकडे बघा, ३/८ इंच म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरची असेल तर अमेरिकेकडे. पट्टीवर यार्ड आहेत की मीटर, हेही तेच सांगतं.

आणि आता हिशोब, हा मला एका निवृत्त फिटर काकांनी शिकवला आणि मी अजून वापरतो. एक मिनिट कोन म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच. मागची साइट किती सरकल्यावर एक मिनिट होतं हे मागच्या भोकापासून पुढच्या माशीपर्यंतच्या अंतरावर ठरतं, त्या अंतराला ०.०००२९१ ने गुणायचं. उलटं केलं की साइट कुठल्या लांबीच्या रायफलसाठी बनवली ते निघतं. समजा उंचीच्या स्क्रूला इंचात ४० आटे आहेत, म्हणजे एका फेऱ्यात साइट ०.०२५ इंच चढते, आणि एका फेऱ्यात १२ क्लिक आहेत. क्लिक पाव मिनिटाची धरली तर फेरा तीन मिनिटांचा, मग ०.०२५ भागिले ०.०००८७३ म्हणजे साडेअठ्ठावीस इंचाच्या थोडं वर. म्हणजे साइट पूर्ण लांबीच्या रायफलची, एखाद्या छोट्या मुलांच्या रायफलची नाही. क्लिक मोजताना नॉबला कागदाची चिकटपट्टी लावा आणि तीनदा मोजा, जुन्या साइटची एखादी क्लिक झिजून गेलेली असते आणि मग सगळा हिशोब बारीक चुकतो.

विकणारा म्हणतो "क्रीडमोर साइट" आहे. खरं मानायचं?

क्रीडमोर ही न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरची रेंज, १८७३ ला सुरू झाली. १८७४ मध्ये तिथे आयरिश आणि अमेरिकन टीमची ८००, ९०० आणि १००० यार्डांची मॅच झाली, अमेरिकन ९३४ विरुद्ध ९३१ ने जिंकले, आणि एका आयरिश नेमबाजाची गोळी दुसऱ्याच टार्गेटवर लागून शून्य धरली गेली होती, तीन पॉइंटचा फरक बघता पुढे काय काय बोललं गेलं असेल विचार करा. आयरिश लोकांकडे डब्लिनच्या रिग्बीच्या तोंडाने भरायच्या रायफली, अमेरिकन लोकांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. तेव्हाच्या त्या लांब, दुमडणाऱ्या, दस्त्याच्या मानेवर उभ्या राहणाऱ्या व्हर्नियर पट्टीच्या साइटला ते नाव चिकटलं, आणि पुढच्या टनेलमध्ये बुडबुड्याची छोटी लेव्हलही असायची.

आता विकणारे कुठल्याही उंच साइटला क्रीडमोर म्हणतात. खरी असेल तर व्हर्नियर पट्टी हवी, लांब हवी, बेस मानेवर बसणारा हवा. शिवाय आजही नव्या रिप्रॉडक्शन बनतात, त्यांच्या रेघा एकदम सारख्या आणि स्क्रू मेट्रिक असले तर सावध व्हा.

अमेरिकन साइटवर मिडलफील्ड, कनेटिकट दिसलं तर लायमन, विल्यम लायमनचं मानेवरच्या साइटचं पेटंट १८७९ चं. डेन्व्हर दिसलं तर रेडफील्ड. ग्लॅडस्टोन, मिशिगन असेल तर मार्बल्स.

जर्मन वाटतेय, कशावरून नक्की करू?

नॉबवरची अक्षरं आणि बाण बघा. ब्रिटिश-अमेरिकन साइटवर "अप" लिहिलं असेल तर तिकडे फिरवल्यावर गोळी वर जाते. जर्मन साइटवर एच म्हणजे गोळी उंच लागलीय, तर इकडे फिरवा, म्हणजे फिरवल्यावर गोळी खाली येते! टी म्हणजे खाली लागलीय. नवीन मुलं बालेवाडीच्या रेंजवर पहिल्यांदा जर्मन साइट हातात घेतात तेव्हा इथेच गोंधळतात, आणि जुनी साइट ओळखायला हीच खूण कामाला येते.

डीआरपी म्हणजे जर्मन राइशचं पेटंट, १८७७ पासून. डीआरजीएम म्हणजे छोट्या सुधारणांचं रजिस्ट्रेशन, १८९१ पासून. "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९० मधली. अन्शुट्झ या जर्मन रायफल कंपनीचं गाव झेला-मेलिस दिसलं तर युद्धाआधीची, उल्म दिसलं तर १९५० किंवा नंतरची, कारण युद्धानंतर कंपनी तिकडे गेली.

"पहिल्या महायुद्धातली स्नायपर साइट" म्हणून घेतली. बरोबर आहे का?

फोटो बघितल्याशिवाय सांगत नाही, पण जुन्या बाजारात या नावाने मला जे दाखवलं गेलं ते दोन्ही वेळा व्हॉली साइटचे तुकडे होते. जुन्या लष्करी ली-एनफील्डच्या डाव्या बाजूला आकड्यांची गोल तबकडी आणि मागे एक छोटं भोक असायचं, पूर्ण तुकडीने मिळून फार लांबच्या जमावावर गोळीबार करायला. युद्धाच्या काळात उत्पादन सोपं करायला ते काढून टाकलं. भोक आहे म्हणून लोक टार्गेट साइट समजतात. त्यात क्लिकचे नॉब नसतात, एवढं बघा.

बाणासारखी खूण, म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो, असली तर ती सरकारी मालमत्ता, आणि बाणाखाली इंग्रजी आय असेल तर भारत सरकारची. क्लबच्या नेमबाजाने स्वतः विकत घेतलेल्या साइटवर हे सहसा नसतं.

रायफलवर बसवलेलीच मिळाली. म्हणजे त्याच रायफलची ना?

नाही. साइट आणि रायफल यांचं आयुष्य वेगळं. नेमबाज रायफल विकायचा आणि साइट ठेवायचा, माझ्या काकांनीही रायफल परत केली आणि साइट ठेवल्या. बॅरलवरचे प्रूफ मार्क म्हणजे चाचणीचे शिक्के बॅरलचे असतात, त्यावरून साइटची तारीख काढू नका. आधीच्या साइटच्या स्क्रूची बुजवलेली भोकं दिसतात का ते बघा.

पुण्यात बसून कागदपत्रं कुठे शोधू?

इंटरनेट आर्काइव्हवर जुने बंदूक कॅटलॉग स्कॅन केलेले आहेत, ग्रेसेस गाइडवर ब्रिटिश कंपन्यांच्या जाहिराती आणि पत्ते आहेत. ब्रिटिश डिझाइन रजिस्ट्रेशनची मूळ रजिस्टरं लंडनमध्ये क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. ब्रिटिश नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ ची, १८९० पासून बिझलीच्या रेंजवर, त्यांचं तिथे म्युझियम आहे. मेल लिहिताना मापं, स्क्रूचे आटे आणि सहा बाजूंचे फोटो एकदम पाठवा, "ही कुठली आहे सांगा" एवढ्यावर उत्तर येणं अवघड.

कॅटलॉगबद्दल एक. १९३० च्या कॅटलॉगमध्ये साइट आहे म्हणजे ती १९३० ची नाही, १९३० पर्यंत ती बाजारात आली होती एवढंच. आधीच्या सालचा कॅटलॉग शोधा, त्यात ती नसेल तेव्हा कुठे दोन्ही बाजूंनी रेघ आखली जाते.

नुसती साइट ठेवायला लायसन्स लागतं का? परदेशात पाठवता येते का?

आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्ये शस्त्रांच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. त्यामुळे अंदाजाने चालू नका, विकत घ्यायच्या किंवा बाहेरून मागवायच्या आधी पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा. माळ्यावर रायफल किंवा तिचा तुकडा निघाला तर फोटो मला पाठवायच्या आधी तिकडे जा. शंभर वर्षं किंवा जास्त जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा बघा, केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था सोडून ती कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही.

ठेवायची कशी?

शिलाई मशीनचं तेल, एक थेंब, कापडाला. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन क्लिक अडकतात. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी. फोममध्ये गुंडाळू नका, ओल धरतो.

नाव कळलं, साल कळलं, पण ती पुण्यात आली कशी?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंग्रजांच्या काळात पुण्यात छावणी होती, व्हॉलंटियर रायफल्स होत्या, मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं, कलकत्त्यात मँटन आणि रॉडा. या दुकानांची नावं रायफलींवर आणि डब्यांवर सापडतात पण ते विकणारे, बनवणारे नव्हेत, हा फरक लक्षात ठेवा. स्वातंत्र्यानंतर १९५१ ला आपली नॅशनल रायफल असोसिएशन झाली, दादासाहेब मावळणकर पहिले अध्यक्ष, आणि मग क्लबांमधून जुन्या ब्रिटिश साइट हातोहात फिरल्या. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारा, रायफल कुणाकडून घेतली, कुठे मारायचात, सोबत कोण असायचं. वह्या, स्कोअर कार्ड, पावत्या रद्दीत घालू नका.

काकांच्या डब्यातली ती वही मी वर्षभर उघडली नव्हती, वाटलं नुसते स्कोअर असतील. एका पानावर त्यांच्या अक्षरात "५० यार्ड, १२" आणि "१०० यार्ड, १९" असं लिहिलंय, म्हणजे सात मिनिटांचा फरक, पॉइंट टू टू ला ५० वरून १०० ला जाताना साधारण तेवढाच लागतो. तिसरी साइट लूपखाली धरली तर पट्टीवर बारा आणि एकोणीसच्या शेजारी पेन्सिलची बारीक टिंबं आहेत. ही साइट मी पुसलेली नाही.